फोटोखालची अक्षरं

कळंबा, कोल्हापूर
१६ जून २०२५

राजूभाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं नसेल म्हणूनच फोडलंत, हे मला माहीत आहे. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. मी तेजस्वी, तुमची वहिनी. तुमचे दादा दूध घालायला गेलेत आणि हे पत्र मी त्यांना न विचारता लिहितेय. त्यांना कळलं तर घरात महाभारत होईल, पण ते माझं मी बघून घेईन.

फोन का केला नाही म्हणाल. केला होता. आमच्या घरचा नंबर दिसला की तुम्ही कापता. मग चमनच्या मोबाईल दुकानात गेले. तो तुमचा जिवाभावाचा दोस्त, तरी हात जोडून म्हणाला, "वहिनी, माझ्या फोनवरनं बोललासा तर त्यो माझ्याशी बी बोलायचा बंद हुईल. हुबळीचा पत्ता घ्या. पत्र काय कुणाला कापता येत न्हाय."

आत्याबाईंना झटका आल्याचं त्यानं सांगितलंच असेल. शिमग्याच्या आधी आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंग थोडं परत आलंय, काठी धरून गोठ्यापर्यंत जातात. वाचा आली नाही. कळतं सगळं, डोळ्यांचा धाक तोच आहे, पण तोंडातून फक्त "आ" निघतो. तुम्हाला तुमच्या आईचा आवाज आठवत असेल. गोठ्याच्या दारातून त्यांनी हाक मारली की पार तळ्याकडे चरणारी आपली हरणी म्हैस कान टवकारून घराकडे निघायची. दवाखान्यातून आल्यावर त्या आधी गोठ्यात गेल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि तीच हाक मारायला गेल्या. "आ" झालं. हरणीनं एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. 

वाचा शिकवायला बाई येतात. त्या म्हणाल्या, डाव्या हातानं लिहायला लावा, टॅबवर अक्षरं जुळवू द्या, डोकं चालतं राहिलं पाहिजे. आता ह्या वयात काय लिहायला लावायचं, पाढे? मग मी मला येतं ते केलं. दुपारी आवरलं की मी मराठी ज्ञानकोशात लिहीत बसते, ते तुम्हाला आठवत असेल. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, जो कुणीही वाचावा आणि कुणीही लिहावा. "वहिनी, कुणाचा गृहपाठ करालाय?" म्हणून तुम्हीच चिडवायचात. माझ्या माहेरच्या बिद्रीच्या पानावर साखर कारखाना सोडून काही नव्हतं, जशी आम्ही सगळी उसाच्या फडातच जन्मलो, म्हणून मी लिहायला लागले. आता नवीन आलेल्यांना हाताला धरून शिकवायचं काम तिथं माझ्याकडे असतं. म्हटलं, एक नवखी घरातच आहे.

खातं उघडताना सदस्याचं नाव काय ठेवायचं विचारलं. डाव्या अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं, "हरणीवाली".

नवख्या माणसाला आम्ही आधी धूळपाटी देतो. सरावाचं पान. तिथं काहीही लिहा, पुसा, कुणी रागावत नाही. आत्याबाईंनी तिथं दिवाळी पाडव्याच्या म्हशींवर लिहायला घेतलं. "आमी पाडव्याला म्हशी धुतो. शिंगं रंगवितो. मालक फटफटीवर फुडं आन म्हस त्येच्या हाकंवर मागनं पळती. म्हशीला दोरी लावत न्हाईत." मी म्हटलं, आत्याबाई, झकास आहे, पण ज्ञानकोशात "आम्ही" चालत नाही, आणि छापील आधार लागतो. वाक्यापुढं मी "संदर्भ हवा" अशी खूण केली. त्यांनी खाली लिहिलं, "संदर्भ गोठ्यात शेण काढालाय. त्येला इचार." म्हणजे तुमचे दादा.

भाकरी जाड झाली म्हणून ज्यांनी मला चारचौघांत सुनावलं, त्यांच्या वाक्यांवर आता मी खुणा करत होते. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. त्यांनाही राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच आधी टॅब घेऊन बसायच्या. वाचनालयातून मी एक जुनं पुस्तक आणलं, त्यात गवळ्यांच्या पाडव्यावर दोन पानं निघाली. ती वाचून त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की मी दचकलेच. मिरजेचा खिजर म्हणून एक जाणता सदस्य आहे, त्यानं आधी शंका काढल्या, मग स्वतःच दोन संदर्भ शोधून दिले. पान उभं राहिलं. "पाडव्याच्या म्हशी". मोबाईलवर बघा, खरंच आहे.

आता मुद्द्याचं. पानाला फोटो हवा. माझ्या मोबाईलमध्ये पाडव्याचे ढीगभर फोटो आहेत. प्रत्येकाला आत्याबाई मान हलवतात. शेवटी उठल्या, कपाटातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. कुठलं, ते मी लिहीत नाही. तुम्हाला कळलंय. टॅबवर लिहिलं, "त्योच".

आमच्याकडे नियम असा आहे की फोटो ज्याच्या घरात आहे त्याचा नसतो, ज्याचा काढलाय त्याचाही नसतो. ज्यानं काढला त्याचा. त्यानं लेखी परवानगी दिल्याशिवाय तो पानावर राहू शकत नाही. म्हणजे तुम्हीच. सोबतच्या चिठ्ठीवर मेलचा पत्ता आणि मजकूर लिहून दिलाय. तेवढा त्या पत्त्यावर पाठवा. मला उत्तर लिहू नका. नात्यातल्या माणसाच्या हातून आलेली परवानगी तिथं धरत नाहीत आणि ह्या बाबतीत मी कडक आहे. मला कळवायचीही गरज नाही. तिकडं पोचली की पानावर आपोआप दिसतं.

एवढंच मागणं आहे. घरी या, बोला, असलं काही मी म्हणत नाही.

तुमची,
तेजस्वीवहिनी


११ ऑगस्ट २०२५

राजूभाऊजी,

काही आलं नाही. मी पानावर रोज बघते. आत्याबाई माझ्या आधी बघतात.

मागच्या पत्रात मी फार शहाणपणानं लिहिलं, नियमाचं नियमाचं. "घरी या म्हणत नाही" असंही लिहिलं. त्याचा तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबर आहे. म्हणून आज जे लिहायचं टाळलं होतं ते लिहिते.

तो फोटो तुम्ही काढला तेव्हा मी रस्त्याच्या कडेलाच होते. मामंजी राजदूतवर, मागं वळून हाक मारतायत, तोंड उघडं, आणि पाठोपाठ हरणी, मोरपिसांची शिंगं हलवत, जीव तोडून. पारितोषिक मिळालं, पेपरात छापून आला, तेव्हा मामंजींनी गल्लीत पेढे वाटले होते. हे लोक विसरतात. मी विसरले नाही. नंतर कुणीतरी तो इंटरनेटवरून उचलला आणि खाली लिहिलं, "मुक्या जनावराचा छळ". मोबाईलवरून गावभर फिरला. ज्या माणसानं हरणीला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, त्याला पोरंटोरं "म्हस मारणारा" म्हणायला लागली. मामंजी तुम्हाला बोलले ते मी चुलीपुढं बसून ऐकलं. "ज्या हातानं फोटू काढलास, त्या हातानं माझ्या घरचं पाणी पिऊ नगंस." तुम्ही कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि निघालात. ते वारले तेव्हा तुम्ही आलात, आणि दारात तुमचे दादा आडवे उभे राहिले. "आण्णांचा शबुद मी मोडत न्हाय." तेव्हा आत्याबाईंना वाचा होती. त्यांनी ती वापरली नाही. कुंकू पुसलेलं, माणसं जमलेली, त्या नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या.

एवढं झाल्यावर त्यांना तोच फोटो कशाला हवा, हे मलाही कोडं होतं. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. गेल्या आठवड्यात मी चिडून म्हटलं, आत्याबाई, त्या फोटोनं घराचं वाटोळं केलं, तुम्हाला पुन्हा तोच का? त्यांनी टॅब ओढला. बराच वेळ लिहीत होत्या. मी जसंच्या तसं उतरवते.

"फोटूचा काय गुन्हा न्हवता. त्येच्या खाली लिवल्याल्या अक्षरांचा हुता. तवा मला तितं लिवायला येत न्हवतं. आता मी शिकलोय. त्येच्या खाली खरं मी लिवतो. मग राजूला कळंल, आईनं वाचलं."

ते वाचून मी उठून आत गेले, कांदा नसताना डोळे पुसले आणि बाहेर आले. मग शिकवणाऱ्या बाईचा धर्म म्हणून सांगितलं, एकदा परवानगी दिली की तो फोटो कुणीही घेऊ शकतं, पुन्हा कुणीही खाली वाटेल ते लिहू शकतं, अडवता येत नाही. त्यांनी लिहिलं, "लिवू दे की. आपल्या पानावर खरं ऱ्हाईल."

भाऊजी, त्यांना फोटो नकोच आहे. त्यांना तुमची परवानगी हवीय. तुमच्या हातची एक ओळ. दुसरं काही मागायला त्यांना तोंड राहिलं नाही.

चमनकडे तुमचा मूळ फोटो होता. तो मागून घेतला आणि आत्याबाईंनी तो स्वतः पानावर चढवला. त्यावर सध्या "परवानगीच्या प्रतीक्षेत" अशी पट्टी आहे. महिनाभर ठेवतात. तोवर परवानगी आली नाही तर काढून टाकतात.

एक गंमत सांगते आणि थांबते. फोटोखाली त्यांनी लिहिलंय, "पाडव्याला मालकाच्या हाकेमागे धावणारी म्हैस हरणी. मालक ज्ञानू गवळी. फोटो काढणारा त्यांचा धाकटा मुलगा." शेवटचं वाक्य मी काढते, कारण फोटोखाली काढणाऱ्याची ओळख द्यायची पद्धत नाही. मी काढलं की त्या परत लिहितात. पानाचा इतिहास उघडून बघा, कोण कधी काय बदललं ते सगळं तिथं राहतं. सासू-सुनेचं भांडण जगजाहीर झालंय. आणि सांगते, सासू जिंकणार.

पाठवा, भाऊजी.

तेजस्वीवहिनी


२७ सप्टेंबर २०२५

राजवर्धन,

भाऊजी लिहायला हात होत नाही.

गेल्या आठवड्यात तुमचा फोटो पानावरून काढला गेला. नियमाप्रमाणे. उलट नियमापेक्षा जास्तच थांबले ते. खिजरला मध्ये घालून आणखी मुदत मागावी म्हटलं तर तोही कित्येक दिवस कुठं दिसत नाही. फोटोच्या जागी आता त्याचं नुसतं नाव आहे, लाल अक्षरात. नसलेल्या गोष्टीचं नाव आमच्याकडे लाल दिसतं. आत्याबाईंनी त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. दाबलं. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. मी शिकवणारी ना, मला येईल असं त्यांना वाटलं असेल. मी काय करणार होते?

त्यांनी टॅब बंद केला, त्याच्यावर पदर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तेव्हापासून तसंच चाललंय. चहा निवतो, दुधावर साय धरते. वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या तर त्यांच्याकडेही बघितलं नाही. डॉक्टर म्हणतात रक्तदाब चढतोय. ज्या बाईनं एका हातानं, एका अंगठ्यानं, तुमच्यासाठी लिहायला शिकून घेतलं, तिला तुमच्याकडून एक ओळ मिळाली नाही. पत्ता दिला होता, मजकूर लिहून दिला होता, तुम्ही नुसता उतरवून पाठवायचा होता. म्हैससुद्धा हाकेला येते हो. जनावर आहे ते.

तुमच्या दादांनी तुम्हाला दारातून परत पाठवलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी माणूस बरोबर ओळखला होता.

आता तुम्ही काही पाठवू नका. आणि उद्या कधी जीव कळवळला तरी ह्या दारात येऊ नका. हे दादा सांगत नाहीत. मी सांगतेय.

तेजस्वी


२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

राजूभाऊजी,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. चमन उद्या हुबळीला निघालाय, त्याच्या हातात देणार आहे. तो तुमच्यासमोर उभा राहील आणि तुम्ही वाचेपर्यंत हलणार नाही, असं त्यानं कबूल केलंय.

घाटावर तुम्ही आला होतात. लाकडांच्या ढिगामागं, चमनच्या शेजारी. मी तुम्हाला ओळखलं. केस पांढरे झालेत तुमचे, मामंजींसारखे, कानावरून. आत्याबाईंना दुसरा झटका आला तो पहाटे, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. चमननं तुम्हाला कळवलं हे मला माहीत होतं. अग्नी दिला तेव्हा मी मागं वळून बघितलं आणि तुम्ही तिथं नव्हता. घरी येतील, असं माझं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, तूच तर येऊ नका लिहिलंस.

रात्री चमनला विचारलं, आला तसा घरी का नाही आला? तो म्हणाला, "वहिनी, मी लई वढलं त्येला. त्यो म्हणला, वहिनीनं उत्तर धाडलंय, आता कशाला जाऊ." मला काही कळलं नाही. कशाचं उत्तर? तुम्ही काही विचारलंच नव्हतं. मला वाटलं, पुरुषांचा अहंकार, दुसरं काय. दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली, आणि मी तो शब्द विसरूनही गेले.

आज सकाळी टॅब वाजला. आत्याबाईंचा. तो मी बंद पडू दिला नव्हता, चार्जिंगला लावून त्यांच्या उशाशी ठेवत होते, कशासाठी ते विचारू नका. त्यांच्या चर्चापानावर खिजरचा निरोप आला होता. नव्यानं शिकणाऱ्यांना लिहितो तसाच, गोड.

"हरणीवाली, आपल्या फोटोची परवानगी मिळाली आहे. फोटो पानावर परत ठेवला आहे. मराठी मेल पाहणारा सध्या मी एकटाच असतो आणि अब्बांच्या आजारपणामुळे मला काही महिने बसता आलं नाही, त्यामुळे मेल पडून राहिली. उशिराबद्दल माफ करा. पाडव्याच्या शुभेच्छा."

खाली परवानगी आल्याची तारीख होती. १८ ऑगस्ट.

भाऊजी, मी ती तारीख किती वेळ बघत बसले ते मला सांगता येणार नाही. माझं दुसरं पत्र तुम्हाला मिळालं आणि तुम्ही लगेच पाठवलीत. मी सांगितलं होतं तशीच, सांगितलेल्या पत्त्यावर, मला न कळवता. एवढ्या वर्षांत ह्या घरातलं कुणाचं तरी तुम्ही अक्षरशः ऐकलंत आणि ते माझं ऐकलंत. पानावर आपोआप दिसतं, असं मीच छातीठोकपणे लिहिलं होतं. ते बघायला तिकडं एक माणूस बसलेला असतो, आणि त्या माणसालाही आजारी बाप असू शकतो, हे नवख्यांना शिकवणाऱ्या मला सुचलं नाही.

मी खिजरला फोन केला. आत्याबाई गेल्याचं सांगितलं. पोरगा रडायला लागला. त्याची काहीच चूक नाही, तसं मी त्याला सांगितलं. मग मी विचारलं, मेलमध्ये काय होतं रे? तो म्हणाला, "ताई, परवानगीचा मजकूर जेवढा असतो तेवढा होता. त्याच्याखाली त्यांनी आणखी लिहिलं होतं. आईला. पण ती मेल खाजगी असते, मला कुणालाच सांगता येत नाही. तुम्हालासुद्धा." मी म्हटलं, अरे, मी त्यांची सून आहे. तो म्हणाला, "ताई, हा नियम मला तुम्हीच शिकवलाय."

मग एवढंच सांग म्हटलं, त्यात काही विचारलं होतं का? तो म्हणाला, "शेवटी प्रश्नचिन्ह होतं."

तेव्हा मला चमनचा तो शब्द कळला. उत्तर.

तुम्ही आईला लिहिलंत, शेवटी काहीतरी विचारलंत, आणि दीड महिन्यानं तुमच्या हातात पडलं ते माझं पत्र. ह्या दारात येऊ नका. तुम्हाला वाटलं, आईनं वाचलं, आणि हे घरानं दिलेलं उत्तर आहे. म्हणून तुम्ही आईच्या चितेपासून पाठमोरे फिरलात. आणि ती, तुम्ही एक ओळ पाठवली नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून गेली. तुम्ही दोघंही हाक देत होता हो. मध्ये मी होते.

मी तुमच्या पाया पडून माफी मागितली तरी ती पुरणार नाही, ते मला कळतं. ज्ञानकोशात एखाद्यानं चुकीचं लिहिलं तर ते उलटवता येतं, पण त्यानं लिहिलं होतं हे इतिहासात राहतं. तसं माझं ते पत्र राहील. फाडू नका ते. मी आज उलटवतेय, एवढं फक्त त्याच्यावर लिहून ठेवा.

तुमच्या दादांना मी सगळं सांगितलं. तीन पत्रं लिहिली होती हेसुद्धा. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. ते उठून गोठ्यात गेले. यंदा आमच्याकडे पाडवा नाही, म्हशी रंगवायच्या नाहीत की पळवायच्या नाहीत. गल्लीतून सकाळपासून फटफट्यांचा आवाज येतोय, आणि हरणी दावणीला कान हलवत उभी आहे. मी मागून गेले तर तुमचे दादा तिला धूत होते, नुसत्याच पाण्यानं, आणि अंगावर पाणी ओतता ओतता रडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिव त्येला. म्हणावं, आण्णांचा शबुद आण्णांबरोबर गेला. मीच खुळ्यागत धरून बसलोतो."

फोटो पानावर आहे. मामंजी मागं वळून हाक मारतायत आणि हरणी पळतेय. खालची अक्षरं आत्याबाईंची आहेत, तिन्ही वाक्यं. शेवटचं पद्धतीत बसत नाही. कुणीतरी येईल आणि काढेल. मी परत लिहीन. पुन्हा काढलं तर पुन्हा लिहीन. आता त्यांच्या बाजूनं भांडायला दुसरं कोण आहे?

त्या मेलमध्ये तुम्ही काय लिहिलं होतं, ते मला पत्रातून कळवू नका. ते माझं नाही. घरी या, त्यांच्या खाटेशी बसा आणि म्हणा, मोठ्यानं. त्या ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. तरी म्हणा. आणि शेवटी जे विचारलं होतंत, ते मला अंदाजानं कळलंय, त्याचं उत्तर "व्हय" असं आहे. त्यांनी तेच लिहिलं असतं, एका अंगठ्यानं, आणि मी त्याच्यापुढं कसलीही खूण केली नसती.

येणार असाल तर आधी पत्र पाठवू नका, नाहीतर मी पुन्हा काहीतरी उत्तर लिहून बसेन. सरळ या. दार उघडं आहे.

तुमची वहिनी